दवाखान्यातला घट

गावच्या सरकारी दवाखान्यात पंखा बंद होता. वीज होती, पंखाही धडधाकट होता, पण लावायचा नाही असं फर्मान होतं. बाहेर आश्विनातलं ऊन डोकं भाजत होतं. आत बाया पदरानं वारा घेत जमिनीवर बसल्या होत्या. ज्यांना आत जागा नव्हती त्या बाहेर लिंबाखाली, बाकड्यांवर. दवाखान्याची बाकडी लिंबाखाली कशी गेली? तर आत देवी बसली होती, आणि देवीपुढं बाकड्यावर पाय सोडून बसणं बरं दिसत नाही. दार अर्धं लोटलेलं, कारण वाऱ्यानं दिवा जाईल. पंखा बंद, तोही दिव्यासाठीच. चपला तर पार फाटकापाशी.

हे फर्मान डॉक्टरांचं नव्हतं. डॉक्टर बिचारे कधीमधी येत, आणि आले की गावाशी वाकडं नको म्हणून हात जोडून आतल्या खोलीत जात. फर्मान होतं कुसाबाईचं.

कुसाबाईला गावात कुणी उलट बोलत नसे. नवरा खंडेराव ऐन उमेदीत गेला. त्यानंतर तिनं एकटीनं शेत कसलं, पोरं वाढवली, भाऊबंदांना बांधावर उभं करून असं काही सुनावलं की पुन्हा त्यांनी नांगर इकडचा तिकडं केला नाही. शाळा म्हणाल तर दुसरीतच सुटलेली. पण जिभेला अशी धार, की तलाठी तिच्या ओट्यावर चढताना आधी घसा साफ करी.

आता ती सगळी धार वापरायची तरी कुणावर? थोरला महेश ओझरला कारखान्यात, धाकटा पुण्याला, लेक सासरी. घरात माणूस म्हणून ती एकटी. टीव्ही चालू ठेवायची, तो पाहायला नाही, घरात कुणीतरी बोलतंय एवढ्यासाठी. कंपनीचा फोन आला तरी "बोल बाबा" म्हणायची, आणि तिकडची बाई आपली रेकॉर्ड लावून बसलेली. कुसाबाई रेकॉर्ड संपेपर्यंत ऐकायची.

तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या घट बसत आला होता. घट बसला की त्या घराला दसऱ्यापर्यंत कुलूप लागत नाही, आणि दिव्याला एकटं सोडत नाहीत. सासू होती, दीर-जावा होत्या, पोरं होती, तेव्हा कुणी ना कुणी दिव्याशी असायचंच. मग महेश म्हणाला, "आई, तू एकटी. तेल घालता घालता डोळा लागला आणि पडदा पेटला तर? पुरे आता. नको बसवू घट." कुसाबाईनं त्याला पुष्कळ ऐकवलं, पण पोरगा खोटं बोलत नव्हता. त्या वर्षी देवीचा कोनाडा रिकामा राहिला, आणि ती कोनाड्याकडं पाठ करून जेवू लागली.

यंदा तिच्या डोक्यात आलं, दवाखान्यात का नको? तिथं सदा माणसांचा राबता. सिस्टर मागच्याच खोलीत राहते. दिवा एकटा पडायचा नाही. आणि मीही, असं ती म्हणाली नाही, पण होतं तसंच.

मंडळाच्या पोरांना तर आयतंच निमित्त मिळालं. दीपक आणि त्याची फौज सप्तशृंगीच्या गडावरून अनवाणी पळत ज्योत घेऊन आली. फाटकावर फ्लेक्स लागला. त्यात देवी कोपऱ्यात आणि पोरांचे चेहरे परातीएवढे. मधल्या हॉलमध्ये परडीत माती, मातीत धान्य, वर घट, घटावर खुरासणीच्या पिवळ्या फुलांची माळ.

तेजस्विनी सिस्टर नवीनच आली होती. ती चाचरत म्हणाली, "आजी, इथं बाळांना लस देतो, बायकांची तपासणी असते. हॉल लागतो आम्हाला."

"देवी काय तुझ्या सुया पळवणार हाय का?"

"तसं नाही, पण वरून साहेबांनी विचारलं तर?"

"तर सांग, कुसाबाईला विचारा."

सिस्टरनं हॉलमधलं टेबल स्वतःच आत सरकवलं. गावात राहायचं होतं तिला.

आणि कुसाबाईचे दिवस सोन्याचे झाले. सकाळी अंघोळ करून जी दारात बसायची ती अंधार पडेपर्यंत. येणारा-जाणारा पाया पडायचा, विचारायचा, "आजी, उपास झेपतो का?" ती म्हणायची, "तुझ्या बापाला झेपला नसता एवढा झेपतो." सगळे हसायचे. घरी गेलं की पाठ टेकेपर्यंत कानात माणसांचे आवाज घुमायचे. किती दिवसांनी!

तेवढंच एक. आत येणाऱ्या प्रत्येक बाईला ती दारातच विचारायची, "अडचण-बिडचण नाय ना गं?" हळू विचारायची, पण तिचं हळू पार लिंबापर्यंत ऐकू जायचं. एखादी पोर कानापर्यंत लाल व्हायची आणि केसपेपर हातात चुरगाळत माघारी फिरायची. कुसाबाईला वाटायचं, शहाणी आहे, देवाधर्माचं कळतं हिला.

चौथ्या माळेच्या दिवशी दुपारी जुलेखा आली, सुनेला धरून.

जुलेखा म्हणजे कुसाबाईची शेजारीण, दोघींच्या घरात एकच भिंत. तिचा नवरा शौकत मोटारी आणि पंप दुरुस्त करायचा. सून रिदा हिचं माहेरी कुणी नव्हतं, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. बाळाची अजून नजरही ठरली नव्हती. रिदाचा चेहरा तापानं लालबुंद झाला होता, एक हात छातीशी आवळून धरलेला.

कुसाबाईनं दारात काठी आडवी घातली.

"जुलेखा, ओली बाळंतीण हाय ना ही?"

"हाय की. ताप हाय तिला लय. छातीत गाठ झालीय. सिस्टरला दाखवायची."

"सव्वा महिना झाला का?"

"अगं, गाठ सव्वा महिना थांबती का?"

"घट बसलाय आत. ओली बाळंतीण घटासमोरून नाय जात. तुला काय सांगायचं, तू का आज राहतीस इथं? सिस्टरला बाहेर बोलवते. बसा लिंबाखाली."

"कुसाबाई, ही काय तुझी ओसरी हाय?"

"वर्षभर तुमचीच ना ही जागा? नऊ दिवस माझ्या देवीची. तेवढं पण खुपतं का?"

जुलेखाचे ओठ हलले, पण मागं बाया होत्या, मंडळाची पोरं होती. तिनं रिदाला लिंबाखाली नेलं. सिस्टर धावत बाहेर आली. पण दुखणं होतं छातीचं. पलीकडं रस्ता, रस्त्यावर ट्रॅक्टर, फाटकाशी पोरं. सिस्टरनं ओढणीचा आडोसा धरला. रिदानं एकदा इकडं पाहिलं, एकदा तिकडं, आणि पदर घट्ट आवळून मान हलवली. "नको. मी घरी जाते." सिस्टरनं तापाच्या गोळ्या हातात दिल्या. सासू-सुना उन्हातून निघून गेल्या. कुसाबाईनं दिव्यात तेल घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुसाबाई उठली, तर घर वेगळंच वाटलं. काय वेगळं ते आधी कळेना. मग कळलं. भिंतीपलीकडून बाळ रडत नव्हतं. ते पोर जन्मल्यापासून पहाटे पहाटे असं भोकाड पसरायचं, की कुसाबाई वरवर चिडायची आणि अंथरुणात पडल्या पडल्या पुटपुटायची, "घे गं बाई त्याला, घे लवकर." आज काहीच नाही. बाहेर येऊन पाहिलं. जुलेखाच्या दाराला कुलूप.

विचारायचं कुणाला? कुणाला काही विचारायची तिला सवयच नव्हती. तशीच दवाखान्यात गेली.

दवाखाना ओस पडला होता. लिंबाखाली रिकामी बाकडी, आत शांत जळणारा दिवा. सिस्टर खुर्चीत बसून होती, उठली नाही.

"आज कुणीच कसं नाय?"

"कालचं बघून वणीच्या दवाखान्यात जातात आता. नाहीतर दुखणं अंगावर काढतात." सिस्टर तिच्याकडं न बघता म्हणाली. "रिदाला उजाडता उजाडता नाशिकला नेलं. गाठीत पू झाला, ताप उतरेना. चिरा द्यावा लागणार. काल नीट बघता आलं असतं तर कदाचित औषधावरच भागलं असतं."

"मग बघायचं होतं की! कुणी हात धरले तुझे?"

"कुठं बघायचं आजी? लिंबाखाली? तुम्ही सोडला असता तिथं पदर?"

कुसाबाईनं काठी भिंतीला टेकवली.

ती दारात आपल्या जागेवर बसली. सकाळ सरली. कुणी आलं नाही, कुणी पाया पडलं नाही. दीपकची फौज दर्शन घेऊन, फोटो काढून केव्हाच गेली होती. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये ती आणि दिवा. माणसांसाठी म्हणून देवी इथं आणली, आणि माणसंच गेली! घरात निदान टीव्ही होता.

दुपारी घरी आली, तर जुलेखाचं दार उघडं. ती कपडे न्यायला आली होती, पिशवीत बाळाची दुपटी कोंबत होती. कुसाबाई उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

"कशी हाय पोर?"

"चिरलं. ग्लानीत हाय." जुलेखानं मान वर केली नाही. "काय काम होतं?"

"मी तिला वाईट म्हणून नाय अडवलं जुलेखा."

"मला माहीत हाय. म्हणून तर जास्त लागलं." मग मात्र तिनं पिशवी खाली ठेवली. "ऐक आता. तुझ्या घरात घट असता, तर मी सुनेला घेऊन तुझ्या ओट्याखाली उभी राहिले असते. इतकी वर्षं राहिलेच ना? कधी रागावले? घर तुझं, देव तुझा, रीत तुझी. आमच्याकडं पण बाळंतिणीला चाळीस दिवस नमाज नसते. आमच्या पण रीती हायेत. पण त्या मी माझ्या उंबऱ्याच्या आत ठेवते. दवाखाना तुझ्या उंबऱ्याच्या आत हाय का? तो जेवढा तुझा तेवढाच माझा. तिथं दार अडवणारी तू कोण?"

"देवी तर सगळ्यांची आई हाय..."

"मग तिनं कुणाला बाहेर बसवलं नसतं. तू बसवलंस, नाव तिचं केलंस." जुलेखाचा आवाज चढला. "बरं, मला सांग. उद्या मोहरमला शौकतनं तिथं पंजाची सवारी बसवली आणि दारात काठी घेऊन उभा राहिला, डोकं झाकल्याबिगर कुणी आत यायचं नाय म्हणून. तू काय करशील?"

"गाव डोक्यावर घेईन," कुसाबाई खरं तेच बोलली.

"घेशीलच. आणि तुझं बरोबरच असंल. मग आमचंच तोंड का बंद? आम्ही थोडे हाय म्हणून?"

कुसाबाई भिंतीला टेकली. बोलायचं नव्हतं ते तोंडातून निघून गेलं. "माझ्या घरात दिव्यापाशी बसायला कुणी नाय गं."

जुलेखा तिच्याकडं वळली.

"एवढंच होतं? मग सांगायचं होतं ना! मी बसले असते. एका भिंतीपलीकडं तर हाय."

"तू? घटापाशी?"

"तेल घालायला काय लागतं? हात लागतो. तुझ्या देवीला नसतं चाललं तर दारात बसले असते. तुझ्याशी बोलत बसले असते. पण तू मागितलंस कधी? तुला हुकूम सोडता येतो, मागता येत नाय." तिनं पिशवी उचलली. "एकटं वाटणं गुन्हा नाय कुसाबाई. पण तुझं घर भरायला माझ्या सुनेचा दवाखाना कशाला घेतलास?"

दाराला कुलूप लागलं. जुलेखा बस गाठायला गेली.

कुसाबाई गल्लीत उभी राहिली. मग पदर खोचला आणि सरळ दवाखान्यात गेली. घटापुढं बसून डोकं टेकलं आणि परडी उचलायला हात घातला. नेमका दीपक आला.

"आजी! काय करताय? बसलेला घट दसऱ्याआधी हलवतात का? अनवाणी पळत ज्योत आणली आम्ही गडावरून!"

"पळालास ते चांगलं केलंस, पाय मजबूत झाले. आता त्याच पायांनी जा आणि बाकडी आत आण."

"गावावर कोप होईल!"

"माझ्यावर होऊ दे! आणि कोप व्हायचाच असता ना पोरा, तर तो कालच झाला असता! तान्ह्या लेकराच्या आईला मी उन्हात बसवलं तेव्हा! सरक बाजूला. हा दवाखाना हाय. इथं दुखणाऱ्याचा मान पहिला!"

दीपकनं ग्रुपवर मेसेज टाकायला मोबाईल काढला. सिस्टर मात्र उठली. तिनं परडीची एक बाजू धरली.

दोघी घट आणि दिवा घेऊन कुसाबाईच्या घराकडं निघाल्या. गल्लीच्या वळणावर वारा आला आणि दिवा गेला. कुसाबाई डोळे मिटून उभी राहिली. आता काहीतरी होणार. कुठंतरी कोंबडी ओरडली, कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली. बाकी काही झालं नाही. तिला गड आठवला. किती वारा असतो तिथं! तिथली आई त्या वाऱ्यात उभी आहे, आणि आपण तिच्यासाठी आजाऱ्यांचा पंखा बंद केला. घरी येऊन तिनं कोनाडा पुसला, घट ठेवला आणि काड्यापेटीनं दिवा लावला.

त्या संध्याकाळी तिच्याकडं कुणी आलं नाही. मंडळ रुसलं होतं. आरतीला ती एकटीच. टाळी वाजवली तर घरात तिचीच टाळी परत ऐकू आली. महेशचा फोन आला. "आई, गावातून फोन आला, तू घट हलवलास म्हणे." ती म्हणाली, "हलवला. जेवलास का?" आणि फोन ठेवला.

सकाळी तिनं समई काठोकाठ भरली. दार सताड उघडं ठेवलं, कुलूप लावलं नाही, आणि नाशिकची एसटी धरली. हातात काठीचा आधार, पोटात उपासाचा चहा. मोठ्या दवाखान्यात तिला कुणी ओळखत नव्हतं. दारावरच्या माणसानं "आजी, लाइनीत" म्हणून मागं सारलं, आणि ती गुमान लाइनीत उभी राहिली.

वॉर्डात जुलेखानं तिला पाहिलं आणि तिच्या तोंडून पहिलं निघालं ते, "अगं, दिव्यापाशी कोण?"

"घट घरी नेला. कुणी नाय तिथं. देवी हाय की. ती बघंल."

रिदानं तिला पाहून तोंड भिंतीकडं फिरवलं. कुसाबाई खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली. जे शब्द तिनं नवऱ्याला म्हटले नव्हते, सासूला म्हटले नव्हते, पोरांना तर नाहीच नाही, ते तिच्या जिभेवर अडखळत आले. "पोरी, माझं चुकलं गं."

रिदा भिंतीकडंच बघत म्हणाली, "दादी, सगळ्यांसमोर मला लाज वाटली. मी काही घाण नव्हते, मला ताप होता."

"व्हय," कुसाबाई म्हणाली.

नर्स पट्टी बदलायला आली. जुलेखाला रिदाचा हात धरायचा होता, आणि बाळ रडून रडून निळं व्हायला लागलं. जुलेखानं इकडं तिकडं पाहिलं आणि बाळ कुसाबाईच्या पुढं केलं. "धर."

नवरात्राचा उपास, अंगावर सोवळ्यासारखं धुतलेलं लुगडं, आणि सव्वा महिना न झालेल्या बाळंतिणीचं पोर. कुसाबाईच्या मनात यातलं काहीही आलं नाही. तिनं ते छातीशी घेतलं आणि वॉर्डाच्या खिडकीपाशी येरझाऱ्या घालू लागली. रिदानं माफ केलं की नाही ते तिनं सांगितलं नाही, आणि कुसाबाईनं ते विचारलं नाही. सगळंच काही मागून मिळत नसतं.

बायांनो, बाप्यांनो, घट बसवा, आरास करा, दिवे लावा. त्यात कुठं काही वाईट नाही. पण ते आपल्या उंबऱ्याच्या आत करा. दवाखाना, शाळा, कचेरी ही जागा सगळ्यांची असते, आणि सगळ्यांच्या जागेत एकाची रीत दारात उभी राहिली, की दुसऱ्याला आपलंच दार परकं होतं. तिथं कुणी कुणाला अडवायचं नाही, देवाच्या नावानं तर नाहीच. आणि घर खायला उठत असेल तर भिंतीवर थाप मारून शेजारणीला हाक घाला. हाक घालायला लाज वाटते, हे खरं. पण ती लाज आपण गिळावी. तापानं फणफणलेल्या पोरीला गिळायला लावू नये.